भिंतीवरून उतरवलेली फ्रेम

या पोस्टमध्ये एकही फोटो नाही. लेख फोटोंवर आणि फोटोच नाही, हे थोडं विचित्र वाटेल. कारण पुढे येईलच.

माझ्या पीएच.डी.चा विषय थोडक्यात असा: वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांची जी छायाचित्रं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वर्तमानपत्रांत, मासिकांत, अहवालांच्या मुखपृष्ठांवर छापली गेली, ती चित्र म्हणून कशी आहेत? बातमी म्हणून नाही, पुरावा म्हणून नाही, चित्र म्हणून. उजेड कुठून येतो, माणूस कुठे बसवलाय, चौकटीत काय घेतलंय आणि काय बाहेर ठेवलंय. अमरावतीत कोणाला हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. "लोकं मरून रायले अन् तू उजेड पाहून रायली काय?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला अजून धड उत्तर देऊ शकलेले नाही. हा लेख त्या उत्तराचाच एक तुकडा समजा.

दुसरा प्रश्न माझ्या गाईड सरांचा. त्यांचं म्हणणं, प्रबंधात एक प्रकरण "जगातले सर्वांत प्रभावशाली छायाचित्रकार आणि कला म्हणून छायाचित्रणाचा परिणाम" असं हवं. मी ते लिहिलंही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ, अँसेल अ‍ॅडम्स, डोरोथिया लँग, आपल्याकडचे होमाई व्यारावाला, सुनील जाना, रघू राय. नाव, जन्म, गाजलेले फोटो, मग पुढचं नाव. शाळेतल्या 'थोर पुरुष' तक्त्यासारखं झालं ते. वाचायला कंटाळवाणं होतं हा दोष गौण. खरा दोष असा की त्यात 'प्रभाव' म्हणजे काय हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. नावाजलेला असणं म्हणजे प्रभाव? महागात विकला जाणं म्हणजे? मला आता वाटतं, प्रभावाची एक साधी खूण आहे. एखाद्याचं चित्र पाहून दुसऱ्याचा हात नकळत तसाच वळतो का? या कसोटीवर वऱ्हाडातलं सर्वांत प्रभावी छायाचित्र कोणतं, हे मला एका बाईंनी दाखवलं. कोणत्याही तक्त्यात त्याचा कर्ता सापडणार नाही.

अकोट तालुक्यातलं गाव. खारपाणपट्टा. म्हणजे जमीन काळीभोर, पण खालचं पाणी खारं, त्यामुळे विहीर खणून ओलीत करण्याचा मार्ग जवळपास बंद आणि सगळी भिस्त पावसावर. कपाशी, तूर, सोयाबीन. मी गेले तेव्हा सोयाबीन घरात आलेलं होतं आणि कापसाचा पहिला वेचा व्हायचा होता. ज्या काकूंकडे गेले त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. नाव-गाव देत नाही. मी ओट्यावर बसले, वही काढली, कॅमेरा पिशवीतच होता. काकू आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या भिंतीवरची फ्रेम घेऊनच. पदरानं काच पुसली, पदर डोक्यावर घेतला, दाराच्या उंबरठ्यापाशी खाली बसल्या आणि फ्रेम मांडीवर उभी धरली. किंचित पुढे झुकवून.

"काढा," म्हणाल्या.

"काकू, मी फोटो काढाले नाही आली."

"मंग? सारेच काढते. मांगं आलते त्यायनं सांगतलं, काचीवर उजेड येते, जराशी वाकवा. म्हणून वाकवली."

मी वहीत काहीच लिहू शकले नाही. माझ्याकडे घरी कात्रणांची जाडजूड फाईल होती आणि त्यातलं प्रत्येक दुसरं चित्र हेच होतं: दाराशी किंवा भिंतीला टेकून बसलेली बाई, मांडीवर नवऱ्याची फ्रेम, कधी फ्रेमला हार, बाजूला एखादं लेकरू, बाईची नजर खाली किंवा कॅमेऱ्याच्या पलीकडे. फ्रेम किंचित पुढे झुकलेली. तो झुकाव मला कधीपासून खटकत होता. मी त्यावर टिपण करून ठेवलं होतं की मृत माणसाची नजर जमिनीकडे लागावी, मातीशी नातं सूचित व्हावं, अशी ही रचना असावी. दीड पान लिहिलं होतं! आणि खरं कारण निघालं काचेवरची चमक. टिपण फाडलं नाही. ठेवलंय, पुढे कधी फार शहाणपण सुचायला लागलं तर वाचायला.

आता चित्र नीट बघू. यात दोन फोटो आहेत, म्हणजे दोन फोटोग्राफर आहेत. बाहेरचा फोटो काढणारा वार्ताहर किंवा छायाचित्रकार, त्याचं नाव खाली बारीक टायपात छापून येतं. आतल्या फ्रेममधला फोटो काढणारा तालुक्याच्या गावातला स्टुडिओवाला. त्याचं नाव कुठेच नसतं. त्यानं हा फोटो मृताची आठवण म्हणून काढलेलाच नसतो. मतदार कार्डासाठी, बँकेच्या पासबुकासाठी, पीककर्जाच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, तोच माणूस गेल्यावर मोठा करून आणलेला. कधी लग्नाच्या ग्रुप फोटोतून डोकं कापून काढलेलं. त्यावर स्टुडिओवाला मेहनत घेतो. मागे निळा पडदा टाकतो, चेहरा उजळवतो, दाढीचे खुंट पुसतो, अंगात कोट चढवतो. हयातीत ज्यानं कधी कोट घातला नाही तो माणूस भिंतीवर कोटात दिसतो. कर्जाच्या अर्जावरचा चेहराच कर्जापायी गेलेल्या माणसाचं स्मारक होतो. आणि त्यातलं काहीही छायाचित्रकाराच्या कॅप्शनमध्ये येत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं फ्रेम हे फोटोतलं एक सामान आहे, स्वतंत्र चित्र नाही.

ही रचना आली कुठून? कोण्या एका माणसानं शोधली असं मला तरी म्हणता येत नाही. तिला आधार मात्र दिसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं १९९५पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजायला सुरुवात केली. नव्या शतकात विदर्भ राष्ट्रीय बातमी झाला. २००६च्या उन्हाळ्याअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग इकडे येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि अमरावती, अकोला, यवतमाळच्या गावांत दिल्ली-मुंबईच्या गाड्या यायला लागल्या. आत्महत्या झालेली असते, फोटो काढण्यासारखं काही उरलेलं नसतं. उरते भिंतीवरची फ्रेम आणि बाई. दुपारी तीनच्या आत पुढच्या गावाला पोचायचं असेल तर याहून सोपं चित्र नाही. याच्या आधी, १९ मार्च १९८६ला, चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून आता त्या दिवशी दरवर्षी अन्नत्याग होतो. त्या घरात फ्रेम मांडीवर धरायला कोणी उरलंच नव्हतं.

यात सरकारी कागदाचाही हात आहे असं मी धरून चालले आहे. आत्महत्या मदतीसाठी 'पात्र' ठरायला जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, फेड थकलेली हवी. मग एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. कागद विचारतो, मेलेला शेतकरी होता का? कॅमेराही तेच विचारतो आणि बाई फ्रेम पुढे करते. फोटोतला शेतकरी फ्रेमच्या आत असतो, फ्रेम धरणारी असते विधवा. कॅप्शनमध्ये तिची ओळख तीच छापून येते. ती स्वतः पेरते, निंदते, फवारणीवाल्याला पाणी देते, कापूस वेचते, मोंढ्यात भाव विचारते, हे त्या चौकटीत मावत नाही, कारण चौकटीत तिचे दोन्ही हात फ्रेम धरण्यात गुंतलेले आहेत. मी हे वाक्य प्रबंधातही तसंच ठेवणार आहे, सरांनी लाल केलं तरी.

इथे डोरोथिया लँगकडे जावं लागतं, कारण तक्त्यातल्या सगळ्या नावांत वऱ्हाडाच्या सगळ्यांत जवळची तीच. १९३६च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ होता, पीक थंडीनं गेलेलं. लँग अमेरिकी सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी फोटो काढत होती. एका तंबूतल्या बाईचे तिनं थोडक्या वेळात मोजकेच फोटो घेतले. शेवटच्या फोटोत बाई मध्ये, दोन मुलं तिच्या खांद्यात तोंड खुपसून, मांडीवर तान्हं, हात गालाशी. 'मायग्रंट मदर' या नावानं तो जगभर गेला. लँगनं वय विचारलं, बत्तीस. नाव विचारलं नाही. वर्तमानपत्रात फोटो आल्यावर तळावर धान्य पाठवलं गेलं, तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलेलं होतं. नाव कळायला १९७८ उजाडलं: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. तिची तक्रार होती की या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही. पुढे १९८३मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी त्याच फोटोचा हवाला देऊन लोकांकडे मदत मागितली आणि लोकांनी पैसे पाठवले. म्हणजे फोटोनं मदत केली, सत्तेचाळीस वर्षांनी, आणि ती मुलांनी खटपट केली म्हणून.

लँग मोठी आहेच. त्या चित्रात मुलांचे चेहरे दिसत नाहीत, हा निर्णय साधा नाही. चेहरे दिसले असते तर आपण मुलांची कीव करून मोकळे झालो असतो. चेहरे लपल्यामुळे बाईच्या कपाळावरच्या आठ्या सोडून बघायला जागाच राहत नाही. ही कला आहे, आणि ती नाकारून 'हा फक्त दस्तऐवज' म्हणणं हा खोटा विनय आहे. पण आपल्याकडच्या फ्रेमवाल्या चित्रांनी लँगकडून काय उचललं? बसलेली आई, बिलगलेलं मूल, पलीकडे लागलेली नजर. चेहरे लपवण्याचा निर्णय उचलला नाही. उलट लेकराचा चेहरा शक्य तितका पुढे आणला. आणि नाव न विचारण्याची सवय मात्र तशीच उचलली. आजकाल नाव छापतात, पण बाईंना त्यांच्या नावावर चार शब्द बोलायला कोण लावतं?

लँगच्या फोटोतली एक बारीक गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते. मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता. लँगला तो खुपला. काही वर्षांनी तिनं तो निगेटिव्हवरच पुसवून घेतला. तिचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना दस्तऐवजात अशी ढवळाढवळ पसंत नव्हती. नीट पाहिलं तर आजही त्या अंगठ्याचा पुसट डाग दिसतो.

सुझन सोंटागचं 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) आम्हाला सक्तीचं वाचन आहे. तिचा एक मुद्दा असा की यातनेचे फोटो पुन्हा पुन्हा पाहून पाहणाऱ्याची संवेदना बोथट होते. २००३च्या 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स'मध्ये तिनं स्वतःच त्यावर शंका घेतली. माझी अडचण निराळी. दोन्ही पुस्तकांत विचार पाहणाऱ्याचा आहे. पुन्हा पुन्हा तोच फोटो काढल्यानं ज्याचा फोटो निघतो त्याचं काय होतं? अकोटच्या ओट्यावर मला ते दिसलं. बाई शिकते. कुठे बसायचं, पदर कसा घ्यायचा, काच किती वाकवायची. न्यूयॉर्कच्या वाचकाला कंटाळा आला की नाही हे मला माहीत नाही, काकूंना मात्र पाठ झालं होतं. एरिएला अझुले नावाच्या अभ्यासक म्हणतात की फोटो हा काढणारा, ज्याचा निघतो तो आणि पाहणारा अशा सगळ्यांमधला व्यवहार आहे. एकट्या फोटोग्राफरची ती मालमत्ता नव्हे. पुस्तकात वाचताना हे मला जरा गोड-गोड वाटलं होतं. ओट्यावर पटलं, पण निराळ्या अर्थानं. व्यवहार आहेच, फक्त त्यात एका बाजूला भाव ठरवता येत नाही. मोंढ्यासारखंच.

मग वेगळं कोणी केलंय का? माझ्या दृष्टीनं दोन जणांनी, आणि दोघांबद्दल माझी तक्रारही आहे.

पहिले पी. साईनाथ. विदर्भावरच्या त्यांच्या बातम्या सगळ्यांना ठाऊक, फोटोंबद्दल कमी बोललं जातं. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरताना त्यांनी काम करणाऱ्या ग्रामीण बायकांचे कृष्णधवल फोटो काढले. 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' नावाचं त्यांचं प्रदर्शन कलादालनांपेक्षा बसस्टँड, कारखान्यांची फाटकं, मजुरांचे मेळावे अशा ठिकाणी जास्त फिरलं. त्यातला एक फोटो माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. जमीनमालकाला आपला फोटो हवा होता, तो शेताच्या मध्ये ताठ उभा राहिला. त्याच्या शेतातल्या मजूर बायका कंबरेतून दुमडून कामातच राहिल्या. एवढंच. एक उभी रेघ आणि ओणव्या पाठींची रांग. शेती कोण करतं आणि शेतकरी कोण म्हणवतं, हे एका चौकटीत. फ्रेमवाल्या चित्रानं जो घोटाळा केला तो हा फोटो सोडवतो, कारण इथे बायकांचे हात कामात आहेत, कोणाचा फोटो धरण्यात नाहीत.

तक्रार अशी की साईनाथांच्या फोटोंना मजकूर लागतो. बरेचसे फोटो शेजारच्या परिच्छेदाशिवाय पांगळे होतात. त्यांना स्वतःलाही बहुधा हे चालत असावं, ते आधी पत्रकार आहेत. पण मग कला म्हणून छायाचित्रणानं काय केलं, हा सरांचा प्रश्न उरतोच.

दुसरे सुधारक ओलवे. मूळ अकोल्याचे, जन्म १९६६, शिक्षण जे.जे.त, नोकरी मुंबईच्या वर्तमानपत्रात, २०१६मध्ये पद्मश्री. गंमत म्हणजे अकोल्यातल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये 'जिल्ह्यातील पद्म पुरस्कारप्राप्त व्यक्ती' म्हणून पोरं त्यांचं नाव पाठ करतात. एकही फोटो पाहिलेला नसतो. त्यांचं मोठं काम मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर आहे. गटाराच्या तोंडातून छातीपर्यंत वर आलेला माणूस, अंगावर चिखल की आणखी काय ते कृष्णधवलमुळे आपण ठरवू शकत नाही. उघड्या हातांनी उचललेला कचरा. आणि नंतर, महत्त्वाचं म्हणजे, घरं. दारू, आजारपण, खाटेवर बसलेलं कुटुंब. ओलवे एकदा जाऊन आले नाहीत, वर्षानुवर्षं जात राहिले. ते फोटोत दिसतं. कसं दिसतं विचाराल तर, माणसं कॅमेऱ्यापुढे काही 'करत' नाहीत. कोणी काच वाकवत नाही.

या फोटोंबद्दल नेहमीचा आक्षेप असा की घाणीलाही ते देखणं करतात. काळ्या रंगाची खोली, ओल्या अंगावरची चमक, रचनेतला तोल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. आता वाटतं आक्षेप उलटा लावायला हवा. ज्या माणसाकडे शहर बघत नाही, त्याच्याकडे इतक्या काळजीनं, इतका उजेड तोलून कोणी पाहिलं, हाच तिथे मुद्दा आहे. कलाकुसर तिथे दागिना नाही, दिलेला वेळ आहे. 'लोकं मरून रायले अन् तू उजेड पाहून रायली काय' याला माझं आजचं अर्धं उत्तर ओलव्यांच्या फोटोत आहे. माझी तक्रार एवढीच की हे काम मुंबईत झालं. वऱ्हाडातल्या बायकांकडे इतकी वर्षं पुन्हा पुन्हा जाऊन बसणारा कॅमेरा मला माझ्या फाईलमध्ये अजून सापडलेला नाही.

तर अशी मी सगळी तयारी करून बसले होते. माझं मत पक्कं होतं: बाईला फ्रेम धरून बसवायचं नाही, तिला कामात दाखवायचं. शेतात, हातात विळा, पाठ वाकलेली, साईनाथांसारखं. दुसऱ्यांदा काकूंकडे गेले तेव्हा मी बोलूनही दाखवलं. "काकू, फोटो काढायचाच असन तं शेतात काढू."

काकू हसल्या. "शेतात कायले? शेतात तं रोजच असतो." मग थोड्या वेळानं, "त्यायचा तं हाय फोटो भिताडावर. माहाच नाही. आधार कार्डावरचा सोडून माहा फोटोच नाही पोरी."

"मंग कसा काढू?"

"उभी."

आत जाऊन लुगडं बदलून आल्या. हिरवं. भिंतीपुढे उभ्या राहिल्या, हात दोन्ही बाजूंना सरळ, मान ताठ, नजर थेट लेन्समध्ये. हसल्या नाहीत. फ्रेम आत भिंतीवरच राहिली. मी तीन फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. पहिला आवडला. पण, "भित मांगची खराब दिसते, ते काढून टाकजो. अन् जराशी उजळ करून आनजो, स्टुडिओत करते ते."

खरं सांगते, मी हिरमुसले. ती भिंत मला फार आवडली होती. पोपडे गेलेला चुना, खिळा, खिळ्याची सावली. माझ्या शिकलेल्या डोळ्याला त्या भिंतीत अख्खं कथन दिसत होतं. ख्रिस्तोफर पिन्नी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या फोटो स्टुडिओंवर 'कॅमेरा इंडिका' (१९९७) लिहिलं, त्यात हेच सांगितलंय की गिऱ्हाईक स्टुडिओत 'मी आहे तसा' दिसायला येत नाही, आहे त्याहून बरा निघायला येतं. हे मी सेमिनारमध्ये दोनदा समजावून सांगितलेलं. पण माझ्याच फोटोतली माझीच भिंत काढायची वेळ आली तेव्हा मी स्ट्रायकर झाले. दस्तऐवज, दस्तऐवज. साईनाथांच्या फोटोत ताठ उभा राहिला होता तो जमीनमालक. ओणवं राहणं बायकांच्या वाट्याला होतं. आणि मी काकूंना पुन्हा ओणवं व्हा म्हणत होते, चांगल्या हेतूनं.

अकोल्यात एका स्टुडिओत पेन ड्राइव्ह दिला. कॉम्प्युटरवरच्या मुलानं दोन मिनिटांत भिंत उडवली, निळा पडदा टाकला, चेहरा उजळवला. मी म्हटलं, जास्त नको. त्यानं थोडं कमी केलं. मग माऊस तसाच धरून विचारलं, "हार टाकू काय, ताई? गुलाबाचा हाय, झेंडूचा हाय."

"अरे, त्या आहेत. जिवंत आहेत."

"सॉरी, सॉरी. बायांचा एकटीचा मोठा फोटो कोणी करत नाही ना, म्हणून विचारलं." तो खरंच ओशाळला. पैसे कमी घेतो म्हणाला, मी पूर्ण दिले.

फ्रेमचं माप काकूंनी सुतळीला गाठ मारून दिलं होतं. यजमानांच्या फ्रेमएवढी, बोटभरही लहान नको. पुढच्या फेरीला नेऊन दिली. खिळा त्यांनी आधीच ठोकून ठेवला होता. लावून झाल्यावर मागे सरून बराच वेळ पाहिलं, म्हणाल्या, "बेस." मग माझ्याकडे वळून, "हा पेपरात नको देऊ बरं. पेपरातला तुमच्याकडं पयलेच हाय."

म्हणून इथेही नाही. रोलाँ बार्थ यांनी आईच्या ज्या एका फोटोभोवती 'कॅमेरा ल्युसिडा'चा अर्धा भाग लिहिला, तो फोटो पुस्तकात छापला नाही. कारण त्यांचं वेगळं होतं, माझ्याकडे साधं कारण आहे, मला नको म्हणून सांगितलंय. प्रबंधात कोणता फोटो लावायचा, माझ्या फाईलमधला झुकलेल्या फ्रेमचा की कोणताच नाही, यावर पुढच्या आठवड्यात सरांसमोर बसायचं आहे. प्रभावशाली छायाचित्रकारांचं ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलंय. लँग आहे, साईनाथ आहेत, ओलवे आहेत. अकोल्याच्या त्या स्टुडिओतल्या मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं. सोमवारी अकोल्याला जाणार आहे, तेव्हा विचारून घेईन.